वेण्णेच्या डोहातला जेलीफिश

भूमहून समुद्र गाठायचा तर बार्शी, कुर्डुवाडी, पुणे असे करत सगळे पठार ओलांडून सह्याद्री उतरावा लागतो. बालाघाटाच्या कुशीतल्या अशा गावात बसून जेलीफिश, प्रवाळ आणि समुद्रफुले यांच्याविषयी लिहिणे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. या प्राण्यांची ओळख आपल्याकडे जुहूच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यापुरतीच राहिली आहे. कोकणात जेलीफिशला ‘झार’ म्हणतात. आमच्या मराठवाड्यात त्याला शब्दच नाही, कारण त्याची गरज कधी पडली नाही.

तरीही या प्राणिकुळाच्या इतिहासातले एक मोलाचे पान घाटमाथ्याच्या पूर्वेकडे, गोड्या पाण्यात लिहिले गेले आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या नदीच्या डोहात एका मराठी प्राध्यापकाला जेलीफिश सापडला. तो प्राणी तिथे का होता, कसा आला आणि आज त्याच्या डोहाचे काय झाले आहे, हे तीन प्रश्न या लेखाचा विषय आहेत. त्यांच्याकडे जाण्याआधी या कुळाशी थोडी ओळख करून घेऊ, आणि ती सुरुवात आमच्याच जिल्ह्यातून करू.

पोवळ्याची वाट

धाराशिव जिल्ह्यातले तेर हे प्राचीन काळचे तगर. ही ओळख जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी पटवून दिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासमार्गदर्शिकेत पैठण आणि तगर यांचा एकत्र उल्लेख येतो. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे तो सांगतो. या गावांचा माल गाड्यांतून अवघड वाटांनी भडोच बंदरात जाई. त्याच भडोच बंदरात पश्चिमेकडून उतरणाऱ्या मालाची यादीही त्याने दिली आहे आणि तिच्यात पोवळ्याचे नाव आहे.

हे पोवळे भूमध्य समुद्रातले. रोमन लेखक प्लिनी म्हणतो, की रोमन बायकांना भारतातल्या मोत्यांचे जेवढे वेड, तेवढेच भारतीयांना पोवळ्याचे. गाड्या तगराहून भडोचला भरून जात, तेव्हा परत येताना त्या रिकाम्या येत नसणार, एवढे अनुमान करायला हरकत नाही. समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या गळ्यात समुद्री प्राण्याचे हाड, अशी ही दोन हजार वर्षांपूर्वीची देवघेव.

‘हाड’ हा शब्द मी ढोबळपणे वापरला. पोवळे नवरत्नांत मोडते, मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत बसते, त्यामुळे ते खाणीत सापडते अशी अनेकांची समजूत असते. खरे तर ते असंख्य चिमुकल्या प्राण्यांनी मिळून रचलेले चुनखडीचे झाड आहे. जिवंत असताना त्या लाल फांदीवर आठ-आठ सोंडांची पांढरी फुले उमललेली दिसतात. ते प्रत्येक फूल म्हणजे एक प्राणी, एक पॉलिप. युरोपातही ही फुले पाहून अठराव्या शतकापर्यंत विद्वान पोवळ्याला वनस्पती समजत होते.

एकच दार असलेले घर

जेलीफिश, प्रवाळ, समुद्रफूल आणि गोड्या पाण्यातला हायड्रा हे वरवर एकमेकांचे कुणीच वाटत नाहीत. एक तरंगतो, एक दगड रचतो, एक खडकाला चिकटून फुलासारखा उमलतो, एक सुतासारखा बारीक. मराठी विश्वकोशी परिभाषेत या सगळ्यांना आंतरगुही म्हणतात, कारण त्यांच्या शरीरात एकच पोकळी असते. त्या पोकळीला एकच दार. अन्न त्याच दाराने आत जाते आणि उरलेला चोथा त्याच दाराने बाहेर येतो. शरीराची भिंत दोनच थरांची, मध्ये पेजेसारखा चिकट पदार्थ. हा मधला पदार्थ जाड झाला की त्याला आपण जेली म्हणतो. मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही. मज्जातंतूंचे विरळ जाळे सगळ्या अंगभर पसरलेले असते आणि त्यावर त्यांचे भागते.

दोन रूपे लक्षात ठेवली की हे कुळ समजते. पहिले पॉलिपचे: बूड चिकटलेले, तोंड वर, तोंडाभोवती सोंडा. दुसरे छत्रिकाचे: पॉलिप उलटा करून छत्रीसारखा पसरवला, की तोंड खाली आणि सोंडा कडेला लोंबणाऱ्या. प्रवाळ आणि समुद्रफूल आयुष्यभर पॉलिपच राहतात. बहुतेक जेलीफिश मात्र दोन्ही रूपे घेतात. आधी तळाशी बसलेला बारीक पॉलिप, मग त्यापासून सुटून तरंगणारे छत्रिक. आपल्याला छत्रिक तेवढे दिसते. त्याचे बालपण तळच्या दगडावर कुणाच्या नजरेस न पडता गेलेले असते. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

या कुळाची खरी खूण म्हणजे दंशपेशी. तिच्या पोटात एक सूक्ष्म कुपी असते, कुपीत गुंडाळलेली पोकळ नळी. भक्ष्याचा स्पर्श झाला, की कुपीचे झाकण उडते आणि नळी बाहेरच्या बाजूला उलटत भक्ष्यात घुसते. कुपीच्या आतला दाब सुमारे दीडशे वातावरणांएवढा असतो. जर्मन संशोधकांनी २००६ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने हा क्षण टिपला. त्यांनी मोजलेला वेळ सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी होता आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास लाख पटींहून अधिक. सजीवांच्या हालचालींत याहून वेगवान फार थोडे सापडेल. आणि हे मोजमाप कुठल्या भयंकर समुद्री जेलीफिशवर झाले नाही, ते झाले हायड्रावर. माणसाच्या कातडीला त्याचा दंश जाणवतही नाही, पाण्यातल्या पिसवा मात्र जागच्या जागी गारद होतात.

विहिरीतला जलव्याल

हायड्रा हा समुद्राचा मोह सोडून गोड्या पाण्यात आलेला या कुळातला नातलग. मराठीत त्याला जलव्याल असे भारदस्त नाव दिलेले आहे. लांबी फार तर एक सेंटिमीटर. बारव, विहीर, तलाव, संथ ओढा, जिथे पाणी स्वच्छ आहे आणि पाणवनस्पती आहेत, तिथे तो पानांच्या खालच्या बाजूला लटकतो.

१७४० च्या सुमारास अब्राहम ट्रेम्बली हा स्विस तरुण हॉलंडमध्ये एका उमरावाच्या मुलांची शिकवणी करत होता. मुलांबरोबर डबक्यातले पाणी काचेच्या भांड्यात आणून पाहताना त्याला हिरवे सूत हलताना दिसले. वनस्पती की प्राणी, हे ठरवण्यासाठी त्याने ते मधोमध कापले. प्राणी असेल तर मरेल, असा हिशेब. काही दिवसांत दोन तुकड्यांचे दोन पूर्ण प्राणी झाले. वरच्या तुकड्याला बूड फुटले, खालच्याला तोंड आणि सोंडा. तेव्हाच्या युरोपात या प्रयोगाने खळबळ उडाली, कारण प्राण्याचा आत्मा एकच असतो असे मानले तर कापल्यावर त्याचे दोन कसे झाले, हा प्रश्न धर्मशास्त्र्यांनाही टाळता येईना. एक डोके तोडले की दोन उगवणाऱ्या ग्रीक पुराणातल्या सर्पावरून लिनियसने पुढे त्याला हायड्रा हे नाव दिले. आपल्याकडच्या वाचकाला इथे रक्तबीज आठवेल.

हायड्राच्या अंगातल्या पेशी सतत विभागत असतात. जुन्या पेशी टोकांकडे सरकून गळतात, मधून नव्या येत राहतात, आणि काही आठवड्यांत सगळे शरीर नवे झालेले असते. डॅनियल मार्टिनेझ या अमेरिकेतल्या संशोधकाने हायड्रा चार वर्षे सांभाळून १९९८ मध्ये दाखवले, की वयाबरोबर त्यांचे मरणाचे प्रमाण वाढत नाही. म्हातारपण असे काही त्यांना दिसतच नाही. भूक, शत्रू, घाण पाणी यांनी ते मरतात, वयाने मरत असल्याचे आढळले नाही.

घाण पाण्याचा उल्लेख मुद्दाम केला. तांब्यासारख्या धातूंचा अंश किंवा कीटकनाशके पाण्यात उतरली, की हायड्राच्या सोंडा आधी गाठाळतात, मग आखडतात आणि शेवटी अंग विरघळू लागते. म्हणून पाण्याची विषारता तपासायला प्रयोगशाळेत त्याचा उपयोग करतात. ज्याला कापून मरण येत नाही, तो पाणी बिघडले की सर्वांच्या आधी जातो.

मालवणचा माणूस, साताऱ्याची नदी

आता मुख्य कथेकडे. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ साली मालवणचा. प्रवाळ आणि समुद्रफुले ज्या किनाऱ्यावर आजही दिसतात, तोच हा किनारा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापन करत असताना सुट्ट्यांत सह्याद्रीत हिंडून ते प्राणी आणि वनस्पती गोळा करत. या भटकंतीत वेण्णा आणि कोयना खोऱ्यांतल्या उन्हाळी डोहांत त्यांना नाण्याएवढे पारदर्शक जेलीफिश पोहताना दिसले.

समुद्रापासून दूर, डोंगरातल्या गोड्या पाण्यात जेलीफिश! या गोष्टीचे महत्त्व कळायला तेव्हा जगाला काय माहीत होते ते पाहिले पाहिजे. १८८० साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये, प्रचंड पानांच्या कमळासाठी बांधलेल्या गरम पाण्याच्या हौदात अचानक जेलीफिश दिसले होते. ते कुठून आले ते कुणाला कळेना. हा प्राणी मूळचा चीनमधल्या यांगत्से खोऱ्यातला, असे आज मानतात. १८८३ साली रिचर्ड ब्योम या जर्मन प्रवाशाला आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात वेगळ्याच जातीचे जेलीफिश आढळले. त्यांचे वर्णन दहा वर्षांनी झाले आणि त्या वंशाला लिम्नोक्निडा हे नाव मिळाले. आघारकरांना सापडलेला प्राणी याच आफ्रिकी वंशाचा निघाला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले नेल्सन अ‍ॅनन्डेल, जे पुढे १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले, त्यांनी १९११-१२ च्या सुमारास त्याचे वर्णन करून त्याला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. शोधाची वार्ता ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकात झळकली. त्या वेळी आघारकरांनी तिशीही गाठली नव्हती.

पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. अभ्यासासाठी जर्मनीत गेले असताना पहिले महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तिथे स्थानबद्धतेत राहावे लागले. तशा परिस्थितीतही १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट मिळवून ते परतले. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ते ओळखले जातात, पण त्यांचे नाव जगभर प्रथम गेले ते एका जेलीफिशमुळे.

आफ्रिकेशी नाते

लिम्नोक्निडा आफ्रिकेत आणि सह्याद्रीत, मधे अरबी समुद्र. हे कसे? टांगानिकात जेलीफिश सापडला तेव्हा जे. ई. एस. मूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तर्क केला होता, की ते सरोवर म्हणजे आत अडकून पडलेला प्राचीन समुद्रच असावा. हाच वंश पुढे नायजर नदीत आणि व्हिक्टोरिया सरोवरात मिळाला, तेव्हा तो तर्क ढिला पडला. सह्याद्रीच्या नदीत मिळाल्यावर प्रश्नाचे तोंडच बदलले. भारत आणि आफ्रिका कधीकाळी जोडलेले होते, या कल्पनेकडे लोक पाहू लागले. योगायोग असा, की आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडे सरकतात हा सिद्धांत जाहीरपणे मांडला तोही १९१२ च्या जानेवारीत.

आज आपल्याला ठाऊक आहे, की खंडे खरोखर सरकली आणि भारत कोट्यवधी वर्षांपूर्वी आफ्रिकेचा शेजारी होता. म्हणून जेलीफिशचे कोडे सुटले का? माझ्यासारख्या, विज्ञानाची पदवी नसलेल्या माणसालाही इथे एक अडचण दिसते, आणि ती आपल्या पायाखालच्या दगडात आहे. भूमपासून महाबळेश्वरपर्यंतचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतला गेलेला लाव्हा. भारत आफ्रिकेपासून त्याच्या फार आधी सुटला होता. त्या लाव्ह्याखाली आधीच्या नद्या, डोह, त्यांतले जीव सगळे गाडले गेले. वेण्णा आणि कोयना वाहतात त्या दऱ्या त्यानंतर कोरल्या गेल्या. म्हणजे आफ्रिकेच्या सहवासातला जेलीफिश याच जागी तग धरून राहिला, असे म्हणता येत नाही. तो लाव्ह्याच्या कडेबाहेर कुठे तरी वाचून पुढे नव्या नद्यांत शिरला असेल, किंवा त्याहून फार अलीकडे आला असेल.

अलीकडे कसा येईल, याचे उत्तर त्या न दिसणाऱ्या बालपणात आहे. गोड्या पाण्यातल्या जेलीफिशचा पॉलिप एखाद-दोन मिलिमीटरचा, दगडाला चिकटलेला. लंडनच्या हौदातल्या जातीचा पॉलिप तर अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या ओढ्यात सापडला तेव्हा त्याला सोंडा नाहीत असे पाहून तो निराळाच प्राणी समजला गेला आणि त्याचे निराळे बारसे झाले. दोन्ही एकच आहेत हे पक्के व्हायला कित्येक वर्षे गेली. परिस्थिती कठीण झाली की या जातीचे पॉलिप आकसून कवचात गुरफटतात आणि दीर्घ काळ निपचित राहतात. पाणवनस्पतीच्या मुळाला लागून किंवा पाणपक्ष्याच्या पायाच्या चिखलातून असे कवच शेकडो कोस जाऊ शकते. चिनी जाती याच रीतीने आज अंटार्क्टिका सोडून बाकी सर्व खंडांवर पोहोचली आहे.

तेव्हा सह्याद्रीतला जेलीफिश हा खंडांच्या जुन्या नात्याचा साक्षीदार की उडत्या पक्ष्याबरोबर आलेला पाहुणा, हे केवळ त्याच्या असण्यावरून ठरवता येत नाही. आफ्रिकी आणि भारतीय जातींच्या जनुकांची तुलना हा त्यावरचा मार्ग आहे. दोन्हींमधला फरक किती खोल आहे यावरून त्या केव्हा वेगळ्या झाल्या याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी मुळात तो प्राणी हातात हवा.

पुण्यातला वारसा

आघारकरांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पुण्याला महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभारली. स्थापना १९४६ ची. १९६० मध्ये ते वारले. १९९२ मध्ये संस्थेच्या संशोधन केंद्राला त्यांचे नाव मिळाले आणि ते आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. याच संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रावर वर्षानुवर्षे काम केले. तुटलेले डोके पुन्हा कुठे उगवायचे हे पेशींना कसे कळते, हा त्यांच्या अभ्यासातला एक गाभ्याचा प्रश्न. पुण्यातल्या दुसऱ्या एका विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांबरोबर त्यांनी २०११ मध्ये भारतातल्या सामान्य हायड्राची जनुकीय ओळख निश्चित केली. तो हायड्रा शास्त्रीय लेखनात ‘इंड-पुणे’ या नावाने वावरतो. जेलीफिश शोधणाऱ्याच्या नावाच्या संस्थेत त्याच कुळातल्या प्राण्याला घर मिळाले, हे योजून झाले नसले तरी शोभून दिसते.

डोहांचे काय?

वेण्णा महाबळेश्वरला उगम पावते, मेढ्यावरून वाहते आणि माहुलीला कृष्णेला मिळते. वाटेत तिच्यावर कण्हेर धरण आहे. कोयनेवर १९६० च्या दशकात पुरे झालेले मोठे धरण आहे आणि वरच्या खोऱ्याचा लांबच लांब पट्टा शिवसागर जलाशयाखाली गेला आहे. धरणांनी महाराष्ट्राला वीज आणि पाणी दिले, त्याविषयी कृतघ्न होण्याचे कारण नाही. पण आघारकरांच्या जेलीफिशचे जगणे एका ठरावीक वार्षिक लयीवर बेतलेले होते. पावसाळ्यात नदी फोफावते तेव्हा नाजूक छत्रिकाचा निभाव लागत नाही. पूर ओसरतो, हिवाळा सरतो, धार बारीक होते आणि चैत्र-वैशाखात नदी डोहांची माळ होऊन राहते. पाणी स्थिर, उबदार, सूक्ष्म जीवांनी भरलेले. तेव्हा दगडावरचे पॉलिप छत्रिके सोडतात. पहिल्या मोठ्या पावसात ती वाहून जातात आणि पॉलिप मागे उरतात. जिथे डोह उपशाने आटतो, वाळूबरोबर तळ खरवडला जातो किंवा धरणाच्या विसर्गाने भर उन्हाळ्यात पाणी वर-खाली होते, तिथे ही लय तुटते.

समुद्रातल्या नातलगांचे दैव थोडे बरे आहे. मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे कवच आहे. मुंबईत किनारी रस्ता बांधताना २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती परवानगी घेऊन कुलाब्याकडे हलवाव्या लागल्या, त्या या कायद्यामुळेच. नदीतल्या डोहाला असा कायदा नाही. त्याला कधीकाळी देवाचे राखण होते. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत देवीच्या नावाने मासे राखले जातात, तशा रीती अनेक गावांत होत्या. त्या रीतींनी मासा वाचला, आणि माशाबरोबर कुणी पाहिलेही नसतील असे तळचे जीवही वाचले असणार.

बालाघाटाच्या दक्षिण उतारावर पडलेले पाणी सीनेतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जाते. वेण्णेचे आणि कोयनेचे पाणीही कृष्णेतच. त्या अर्थाने आमच्या ओढ्यांचे आणि आघारकरांच्या डोहाचे खोरे एकच आहे. आमच्याकडचे ओढे उन्हाळ्याआधीच कोरडे पडतात, त्यामुळे इथे जेलीफिशची आशा मी धरत नाही. हायड्राची मात्र जरूर धरावी. जुनी बारव किंवा पाझर तलाव असेल तिथून पाणवनस्पतीच्या चार फांद्या त्याच पाण्यासह काचेच्या बरणीत आणाव्यात. खिडकीजवळ, थेट उन्हात न येईल अशी बरणी दोन-तीन दिवस हलवू नये. मग भिंगातून उजेडाकडची काच पाहावी. सुताएवढे काही चिकटलेले दिसले आणि टाचणीने स्पर्श करताच ते मोहरीच्या दाण्याएवढे आखडले, तर तो जलव्याल. नाही दिसला तर फवारणीच्या हंगामानंतर आणि हंगामाआधी असे दोनदा पाहावे आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावे. शाळेतल्या मुलांना जमेल असे हे काम आहे आणि त्याला भिंगाखेरीज खर्च नाही.

सातारा, महाबळेश्वर, पाटणकडच्या वाचकांना मात्र माझी निराळी विनंती आहे. चैत्र-वैशाखात डोहावर गेलात, तर पाणी निवळू द्या आणि दुपारचे ऊन तिरपे झाले की पृष्ठभागाखाली वीतभर खोल नजर लावून बसा. नाण्याएवढे काही आकसत-पसरत वर येताना दिसले, तर त्याचे छायाचित्र घ्या, जागा आणि तारीख टिपा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा. आघारकरांनीही सुट्टीत नदीकाठी जाऊन याहून वेगळे काही केले नव्हते.